एकविसावी टोपी

शिट्टीबाईंना खरं नाव आहे, आणि ते चांगलं आहे. पण त्या नावानं हाक मारली तर त्या मागं वळून बघतात, आपल्यामागं दुसरं कोण उभं आहे म्हणून. तेव्हा शिट्टीबाईच म्हणू या. आमच्या पोहण्याच्या तलावावर व्यवस्थापकांपासून पाण्यात औषध टाकणाऱ्या माणसापर्यंत सगळे त्यांना तेच म्हणतात. घरी नवराही तेच म्हणतो, असं त्यांनीच मला सांगितलंय.

सकाळी त्या तलाव झाडतात, पुसतात. पुरुषांच्या बाजूची न्हाणीघरं, बायकांच्या बाजूची न्हाणीघरं, जिना, पायऱ्या, काठावरची फरशी. मग टोप्या. टोपीशिवाय पाण्यात उतरायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे आणि टोपी खिडकीवर मिळते. पुरुषांना निळी, पोरांना लाल, बायकांना पिवळी. परत आलेल्या टोप्या शिट्टीबाई साबणानं धुतात, दोरीवर वाळवतात आणि रबर चिकटू नये म्हणून आतून पावडर लावतात. त्यामुळे त्यांच्या हातांना दिवसभर तान्ह्या बाळाच्या अंगासारखा वास येतो. दुपारी तीन वाजता त्या फडकं पिळून ठेवतात, गळ्यात शिट्टी अडकवतात आणि तासभर आमच्या जिवाच्या मालक होतात. तीन ते चार ही बायकांची वेळ.

काठावर जीवरक्षकासाठी एक उंच पांढरी खुर्ची आहे. शिट्टीबाई तिच्यावर कधी बसल्या नाहीत. त्या एक बादली उपडी घालतात, तिच्यावर बसतात आणि हातात लांब बांबू धरतात. एखादी बाई गटांगळी खाणार असं तिला स्वतःला कळायच्या आत तो बांबू तिच्या हाताशी आलेला असतो. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे श्वास सोडा. एक लांब शिट्टी म्हणजे बाहेर या, मग तुम्ही कुणीही असा.

मी औषधांच्या दुकानात जन्म काढला. उभं राहून राहून गुडघे गेले आणि ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी जन्मभर वाचल्या त्यांनीच शेवटी मला पोहायला सांगितलं. त्यांचं अक्षर मला लागत होतं म्हणून, नाहीतर ती सूचना वाचायची राहिलीच असती आणि मला ते बरं वाटलं असतं. मला पाण्याची भयंकर भीती. पहिल्या दिवशी मी पायरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"कठडा सोडा, ताई," बादलीवरून आवाज आला.

"सोडते."

"सोडते म्हणताय ते कळलं. हात कधी सोडणार?"

"बुडेन हो मी!"

"पाणी तुम्हाला घेऊन जाणार कुठं? चारी भिंती मी माझ्या हातानं घासल्यात. भोक नाही कुठं."

मी कठडा सोडला. हात कसे मारायचे, पाय कसे झाडायचे, मान कशी वळवायची, सगळं त्यांनी काठावरून शिकवलं. बादलीवर बसल्या बसल्या त्या हवेत हात मारून दाखवायच्या आणि आम्ही पाण्यात त्यांची नक्कल करायचो. मलाच काय, आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना त्यांनीच तरंगतं केलं. एरवी मी कुणाची तारीफ चटकन करत नाही, माझा तो स्वभाव नाही. पण म्हातारपणी कुणी आपल्याला नवी गोष्ट शिकवली तर त्या माणसावर जीव जडतो.

तर आमचा तास. कागदोपत्री आम्ही वीस जणी होतो आणि नियमच असा होता की वीस पिवळ्या टोप्या गेल्या तरच ही वेगळी वेळ चालू ठेवायची. एक कमी झाली की तीन ते चार सगळ्यांसाठी खुलं. म्हणजे आम्ही काठोकाठ होतो. वीस जणींत पिठाच्या गिरणीतल्या दोघी जावा होत्या, ग्रंथालयातल्या बाई होत्या, आणि विद्यापीठात स्त्रियांचे प्रश्न हाच विषय शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. आणि दोघी नवीन होत्या. एक किल्लीवाली. बाजारात तिचं किल्ल्या-कुलपांचं दुकान. उंच, रुंद खांद्यांची, आवाज खर्जातला, आणि पोहायला अशी पटाईत की लांबीच्या लांबी पार करूनही धाप लागायची नाही. दुसरी पोस्टातली बाई. नीटनेटकी, कमी बोलणारी. फरशीवर पाणी सांडलेलं तिला चालत नसे, तलावावरसुद्धा.

या पोस्टातल्या बाईनं एक दिवस व्यवस्थापकांकडे तक्रार केली, की बायकांच्या वेळेत एक पुरुष येतो, तो येत राहिला तर मी येणार नाही. रोख किल्लीवालीवर होता.

व्यवस्थापक हा माणूस वाईट नाही, पण कुणी तक्रार केली की ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळा होतो. त्यानं आम्हाला खिडकीपाशी गाठलं. म्हणाला, "मी यात पडणार नाही. बायकांची वेळ आहे, तर बाई कुणाला म्हणायचं ते तुम्हीच बसून ठरवा. सोमवारपर्यंत मला सांगा, मी फळ्यावर लिहून टाकतो. आणि हो, कुणाला काढलंत तर टोप्या वीसच्या खाली जातील, हे लक्षात ठेवा. मग मी काही करू शकत नाही."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. किल्लीवालीला काढलं तर एकोणीस. तिला ठेवलं तर पोस्टातली बाई जाणार, तरी एकोणीस. तास बुडणार म्हणजे बुडणारच, आणि शिट्टीबाईंच्या बांबूला तो काही लागणार नव्हता.

शनिवारी चारनंतर आम्ही कपडे बदलायच्या खोलीत बसलो. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लाकडी बाकं, वर खुंट्या, एका टोकाला बिनदाराचे उघडे कप्पे, मध्ये ओली फरशी. पोस्टातली बाई दाराजवळच्या बाकावर, किल्लीवाली पार दुसऱ्या टोकाला. बाकीच्या मध्ये, ओल्या केसांच्या, टॉवेल गुंडाळलेल्या.

आधी किल्लीवालीच बोलली. "माझ्याबद्दल चाललंय तर मी सांगते. जन्मल्यावर घरच्यांनी मला मुलगा समजून वाढवलं. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांना वरवर तेच दिसलं. मी बाई आहे हे मला कळायला वेळ लागला आणि त्यांना कळायला त्याहून जास्त. आता आई मला साडी नेसताना नावं ठेवते. लेकीला ठेवावीत तशीच ठेवते."

मग थोरली जाऊ म्हणाली, "हे बघा, एवढं डोकं कशाला शिणवायचं? जी लेकरं जन्माला घालते ती बाई. झालं."

"मग मी कोण?" मी म्हटलं. "मी तर लग्नसुद्धा केलेलं नाही."

"तुमचं वेगळं, ताई."

"वेगळं म्हणजे? मला निळी टोपी देणार का?"

"अहो, शरीरावरून तरी कळतं की नाही?" धाकटी जाऊ मदतीला आली.

ग्रंथालयातल्या बाई कोपऱ्यात केस पुसत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांनी माझ्या शरीरातून एकेक करत बरंच काही काढून नेलंय. किती शिल्लक असलं म्हणजे चालेल तेवढं ठरवा. मी घरी जाऊन बघते."

धाकटी जाऊ अशी ओशाळली की तिनं तोंडात टॉवेलच धरला. मग कुणीतरी म्हणालं, बाई म्हणजे नाजूक असते. तेव्हा धाकटीनंच तो टॉवेल काढून विचारलं, की गिरणीतली धान्याची पोती रोज तिच्या घरात कोण उचलतं असं त्यांना वाटतं. मॅडम म्हणाल्या, आपल्या सगळ्यांना पुरुषसत्तेचा जाच झालाय, हा एक समान धागा आहे. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आजींना ते पटलं नाही. "मला नाही झाला जाच," त्या म्हणाल्या. "माझा नवरा गरीब गाय होता. मीच त्याला जाच केला. मग मी उद्यापासून येऊ नको का?"

आम्ही हसलो आणि पुन्हा तिथंच आलो. थोरली जाऊ मॅडमकडे वळली. "तुम्ही हेच शिकवता ना? मग सांगा की. पुस्तकात काय दिलंय?"

"कपाटं भरून दिलंय," मॅडम म्हणाल्या.

"मग ठरलंय काय?"

"ठरलेलं नाही."

"अगंबाई! मग पगार कशाचा घेता?"

मॅडम खळखळून हसल्या. त्या चिडल्या असत्या तर माझ्या मनातून उतरल्या असत्या. म्हणाल्या, "खरं सांगू का? व्याख्या केली की दरवेळी कुणीतरी दाराबाहेर राहतं. आणि व्याख्याच करायची नाही म्हटलं, तर लोक म्हणतात, मग वेगळा तास तरी कशाला हवा? या पेचातून कुणाला पूर्ण सुटता आलेलं नाही. मलाही नाही."

"ते सगळं राहू दे," मी म्हटलं. "सोमवारी टोप्या कमी पडणार आहेत. दोघींतली एक गेली तरी आपल्याला आणखी एक बाई लागणार. ती आणायची कुठून?"

सगळ्या विचारात पडल्या. भाची, शेजारीण, सुनेची मैत्रीण, नावं निघत होती आणि गळत होती. कुणाला वेळ नाही, कुणाला पाण्याचं वावडं.

"पाय वर घ्या," शिट्टीबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी पाय वर घेतले. खालून त्यांचं फडकं सर्रकन गेलं. पाय हवेत धरून थोरली जाऊ म्हणत होती, "नाहीच हो मिळणार आता दुसरी बाई. एवढ्या ओळखी, आणि एक बाई मिळू नये?"

पलीकडच्या टोकाकडून किल्लीवालीचा खर्जातला आवाज आला. "आणि ह्या कोण आहेत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आम्ही सगळ्या पाय वर धरून शिट्टीबाईंकडे बघत राहिलो. शिट्टीबाई फडक्यावर हात ठेवून थांबल्या आणि सवयीप्रमाणे मागं वळून बघितलं.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कामाला आहे."

"म्हणून काय झालं!" मॅडम ताडकन उठल्या. "शिट्टीबाई, तुम्ही सोमवारी टोपी घ्या. प्रश्नच मिटला!"

"मला पोहता येत नाही," शिट्टीबाई म्हणाल्या.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. गेली कित्येक वर्षं मी हिच्या भरवशावर खोल पाण्यात जात होते! उंटावरून शेळ्या हाकणारे खूप बघितले, पण इथं शेळ्या पोहायला लागल्या होत्या.

"तुम्हाला... येत नाही?" धाकटी जाऊ पुटपुटली.

"कसं येईल? पाण्यात उतरलेच नाही कधी."

"मग शिट्टी कशी दिली तुम्हाला?"

शिट्टीबाईंनी फडकं बादलीत टाकलं. "आधी बायकांची वेळच नव्हती. मग कुणी कुणी अर्ज केले, वेळ मंजूर झाली. काठावर बाईमाणूसच पाहिजे असं वरून आलं. तलावावर बाई म्हटलं तर मी एकटी. साहेबांनी बोलावलं आणि शिट्टी हातात दिली. पोहता येतं का, ते विचारतील म्हणून मी उभी होते. ते फोनवर बोलायला लागले. मग मी आले."

"अहो, पण आम्ही बुडालो असतो म्हणजे?" मी ओरडले. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

"बुडू दिलं का कुणाला?"

नव्हतं दिलं. ते खरं होतं.

"आणि शिकवलंत कसं?"

आता मात्र त्या लाजल्या. सकाळी पुरुषांच्या वेळेत शिक्षक शिकवायचा तेव्हा फरशी पुसता पुसता त्या ऐकायच्या. घरी गेल्यावर स्टुलावर पोट टेकून पालथ्या पडायच्या आणि हात मारून बघायच्या, पाय झाडून बघायच्या, कुठं जोर लागतो, मान कधी वळते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची त्यांची एकच खोली. पाय झाडताना एकदा कपाटाची काच फुटली. नवरा दारात उभा राहून बघायचा. "काय गं," म्हणायचा, "उडून जायचा विचार आहे का?" पुढं पुढं तोच खाली बसून स्टूल धरून ठेवायला लागला.

आमच्यापैकी दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम पुढं होऊन म्हणाल्या, "तरी हरकत नाही. तुम्ही फक्त टोपी घाला आणि उथळ बाजूला उभ्या राहा. किल्लीवाल्या ताई आहेत ना, त्या उत्तम पोहतात, त्या लक्ष ठेवतील. आपल्याला संख्येपुरतं..."

"नको," शिट्टीबाई म्हणाल्या.

त्या कधी नको म्हणत नाहीत. म्हणून मॅडमचं वाक्य तिथंच राहिलं.

"तेव्हा बाई पाहिजे होती म्हणून शिट्टी दिली. आता बाई पाहिजे म्हणून टोपी देताय. एरवी मी पाय वर घ्या म्हणते आणि तुम्ही पाय वर घेता. तुमचं काही वाईट वाटत नाही मला, खरंच नाही. पण मला पोहायचंय का, ते कुणी विचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर स्वतःला त्यांची मैत्रीण समजत होते.

किल्लीवालीनं विचारलं. "पोहायचंय का तुम्हाला?"

शिट्टीबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पावडरीचे हात त्यांनी साडीला पुसले, पुन्हा पुसले. "लई," त्या म्हणाल्या. "या टोप्या धुते ना, रोज वाटतं. एकदा घालून बघितली होती, आरशात. कुणी यायच्या आत काढली." मग त्यांनी आवाज सावरला. "पण तास वाचवायला नाही उतरणार मी. तास असाच वाचवा. मग उतरेन."

"असाच म्हणजे कसा?"

शिट्टीबाई पोस्टातल्या बाईपाशी गेल्या. ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. शिट्टीबाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या. त्या बाकावर बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही तक्रार केलीत ते चुकलं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय होतं इथं, ते सांगा. नियमातलं नको. तुमचं सांगा."

पोस्टातली बाई आधी टॉवेलाच्या कडा जुळवत राहिली. मग म्हणाली, "मी दिवसभर काचेमागे बसते. समोर रांग. सगळी रांग माझ्याकडे बघत असते, आणि काही जण कसं बघतात ते मी सांगत नाही. हा एक तास मला कुणी बघायला नको असतं. इथं कपडे बदलताना मागं तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो. आणि खरं सांगायचं तर तुम्हा सगळ्यांसमोरही बदलायला मला नको वाटतं. पहिल्या दिवसापासून. बायका बायकांत कसली लाज, असं सगळ्या म्हणतात, म्हणून बोलले नाही."

"मलाही नको वाटतं," ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या. "मी घरूनच पोशाख घालून येते, वर साडी."

"मीही टॉवेलातच बदलते," किल्लीवाली म्हणाली. "तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही बघाल म्हणून."

"म्हणजे तुम्हाला दार पाहिजे," शिट्टीबाई म्हणाल्या. "आडोशाला. पुरुषांच्या बाजूला आहेत तशी."

आम्ही सगळ्या एकदम म्हटलं, "कशी?"

"पुरुषांच्या बाजूला खोपटी आहेत की, छोटी छोटी. दारं आहेत, आतून कड्या आहेत. तुमच्या बाजूच्या कप्प्यांना दारं बसवलीच नाहीत. जिन्याखाली पडलीत. बायकांना बायकांत दार कशाला, म्हणाले."

यानंतर जो गलका झाला तो मी लिहू शकत नाही. इतका वेळ आम्ही बाई म्हणजे कोण यावर एकमेकींच्या उरावर बसलो होतो आणि तिकडे पुरुष आतून कड्या लावून कपडे बदलत होते! आजींना तर आपला गरीब गाय नवरासुद्धा आठवेना. मॅडम बाकावर उभ्या राहिल्या होत्या. किल्लीवाली म्हणाली, कड्या आणि बिजागऱ्या माझ्याकडून. पोस्टातल्या बाईनं तिच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. म्हणाली, "कडी पितळेची असेल तर बरं. लोखंडाची गंजते." मैत्री झाली असं मी म्हणणार नाही, आजही त्या दोघी पाण्यात दोन टोकांना असतात. पण कडी पितळेचीच आली.

सोमवारी व्यवस्थापक खिडकीत खडू घेऊन उभे होते. "ठरलं का?"

"ठरलं," मॅडम म्हणाल्या. "एकमतानं."

"वा! सांगा, लिहितो. बाई म्हणजे?"

"दारं पाहिजेत."

"ती व्याख्या झाली का?"

"व्याख्या तुम्हीच लिहा," मी म्हटलं. "जी लिहाल ती आम्ही वाचून दाखवू आणि तुमच्या घरच्यांनाही विचारू."

त्यांनी फळ्याकडे बघितलं. 'ज्या' इतकं लिहिलं. मग बराच वेळ खडू तसाच धरून उभे राहिले, आणि शेवटी तळव्यानं 'ज्या' पुसून टाकला. जिन्याखालची दारं त्याच आठवड्यात बसली. फळ्यावर अजूनही 'महिला: तीन ते चार' एवढंच आहे आणि त्याच्याखाली त्या 'ज्या'चा पांढरट डाग.

वीस टोप्या जात राहिल्या. तास वाचला. मग आम्ही शिट्टीबाईंच्या मागं लागलो. त्या कारणं काढायला लागल्या. पोशाख नाही, वय झालं, कामाच्या वेळेत कामगारानं पाण्यात उतरायचं नाही असा नियम आहे, आणि काठावर कोण बसणार? इतक्या वर्षांची इच्छा हातात आली की माणूस असाच मागं सरतो. थोरल्या जावेनं तिचा जास्तीचा पोशाख आणला. त्यात दोन शिट्टीबाई मावल्या असत्या, म्हणून पाठीला पिना लावल्या. नियम मोडायची जबाबदारी मॅडमनी घेतली. पोहता येणारी जीवरक्षक बाई नेमा, हा अर्जही त्यांनी टाकला. आणि काठावर मी बसले, संख्या कमी पडू नये म्हणून माझी पिवळी टोपी डोक्यावर घालूनच. आदल्या दिवशी शिट्टीबाईंनी शिट्टी स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली होती. म्हणाल्या, "लांब शिट्टीला मागचापुढचा विचार करायचा नाही. वाजवायची."

तर त्या दिवशी त्या खिडकीवर गेल्या आणि स्वतःच धुतलेली एक पिवळी टोपी त्यांनी मागून घेतली. पायरी उतरल्या. पाणी कमरेपर्यंत आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"कठडा सोडा, शिट्टीबाई!" मी बादलीवरून म्हटलं.

"सोडते."

"सोडते म्हणताय ते कळलं!" पाण्यातून सगळ्या ओरडल्या. "हात कधी सोडणार?"

त्या हसल्या, आणि हसताना हात सुटले. किल्लीवालीनं पाठीखाली तळवा धरला. "मान ढिली सोडा. पोट वर." शिट्टीबाई आडव्या झाल्या. छताकडे बघत होत्या. मी दोन छोट्या शिट्ट्या वाजवल्या आणि त्यांनी श्वास सोडला. किल्लीवालीनं हात काढून घेतला, दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले. शिट्टीबाई तरंगत होत्या. मग त्या पालथ्या झाल्या, आणि खरं सांगते, ते हात! स्टुलावर घडवलेले हात, एकामागून एक, अगदी बरोबर पडत होते. पाय मात्र बुडत होते, कारण स्टुलावर पाय कधी बुडत नाहीत. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही.

तेवढ्यात काठाकडच्या पडद्यामागून व्यवस्थापकांचा आवाज आला. "खिडकीवरून एकवीस टोप्या गेल्यात! एकविसावी कोण? आणि शिट्टीबाई कुठं आहेत? जिन्यात पाणी सांडलंय!" पडदा हलला, त्यांचं डोकं आत आलं.

मी मागचापुढचा विचार केला नाही. एक लांब शिट्टी वाजवली.

"बायकांची वेळ आहे, साहेब," मी म्हटलं. "बाहेर."

डोकं गेलं. शिट्टीबाईंचे कान पाण्यात होते, त्यांना यातलं काहीच कळलं नाही.

चार वाजता सगळ्या वर आलो. नव्या दारांच्या कड्या लागल्या, उघडल्या. शिट्टीबाई टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्या होत्या. टोपी अजून डोक्यावरच होती, काढायला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं. बसल्या जागेवरून त्या फरशी बघत होत्या, आम्ही सगळ्यांनी किती पाणी केलंय ते. सवयीनं त्यांचा हात फडक्याकडे गेला. पण फडकं जागेवर नव्हतं. ते पोस्टातल्या बाईच्या हातात होतं आणि ती खोलीच्या त्या टोकापासून पुसत येत होती, नीट, कोपरे न सोडता. बाकापाशी आली.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

शिट्टीबाईंनी एकदा मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. मग त्यांनी पाय वर घेतले.